एक पौंड धान्य ते दोन मायक्रोग्रॅम

१८७६ च्या पावसाने दख्खनच्या पूर्व भागाकडे पाठ फिरवली. इंदापूर आणि तेव्हाचा भीमथडी तालुका, म्हणजे आजच्या बारामती-जळोचीचा परिसर, तसाही पर्जन्यछायेतला. खरीप तर गेलाच, पण ज्या रब्बी ज्वारीवर इथल्या घरांचे वर्ष निघायचे तिचाही पत्ता नव्हता. आदल्याच वर्षी, १२ मे १८७५ रोजी, याच भागातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली होती. त्यामुळे दुष्काळ आला तेव्हा कणगीत दाणा नव्हता आणि उसनवारीला दारही उरले नव्हते. सरकारने दुष्काळी कामे काढली. नीरेच्या डाव्या काठाने बारामतीवरून इंदापूरकडे जाणारा, सुमारे शंभर मैलांचा कालवा हे त्यांपैकीच एक काम. ज्या पाण्यावर पुढे या भागात ऊस उभा राहिला, त्या पाण्याची वाट उपाशी माणसांनी खणायला घेतली.

या कामांवर एका प्रश्नाचे उत्तर सरकारला द्यावेच लागणार होते. राबणाऱ्या माणसाला जगायला किती अन्न लागते?

व्हाइसरॉय लिटन यांनी दुष्काळाची पाहणी करायला सर रिचर्ड टेंपल यांना पाठवले. टेंपल यांनी १८७३-७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात हात सैल सोडून धान्य पुरवले होते आणि उधळपट्टीबद्दल टीका झेलली होती. या वेळी त्यांनी हिशेब आवळला. पुरुष मजुराला रोज एक पौंड धान्य, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि वर एक आणा. बायका-मुलांना त्याहून कमी. आजच्या तक्त्यांप्रमाणे तेवढ्या ज्वारीतून जेमतेम दीड हजार उष्मांक मिळतात. दिवसभर मुरूम खणणाऱ्या माणसाला ते अपुरेच. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. विल्यम कॉर्निश यांनी या मापाला उघड विरोध केला. एवढ्या धान्यावर स्वस्थ पडून राहिलेले शरीर कसेबसे तगेल, काम करणारे तगणार नाही, आणि नुसत्या धान्याने भागत नाही, सोबत डाळही हवी, असे त्यांचे म्हणणे होते. भारतातल्या पोषणाच्या इतिहासातला हा पहिला मोठा जाहीर वाद म्हणायला हरकत नाही. अन्नाची केवळ राशी मोजायची की त्यातले घटकही पाहायचे, हा प्रश्न त्या वादाने टेबलावर आणला.

मुंबई इलाख्यात हा वाद कागदावर राहिला नाही. १८७७ च्या सुरुवातीला मजुरी घटवली गेली तेव्हा दख्खनमधल्या हजारो मजुरांनी कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे पाठवली.

त्या काळी उणीव तपासायची पद्धत काय होती? काम हीच कसोटी. जो खरोखर भुकेला असेल तोच इतक्या कमी मजुरीवर घरापासून दूर येऊन राबेल, असे गृहीतक होते. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर जे नियम झाले त्यांतही या कसोट्या शिल्लक राहिल्या. माणसाचे शरीर काय सांगते हे विचारायचे कारणच नव्हते. त्याची लाचारी मोजली की पुरे. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण पुढच्या दीडशे वर्षांची कथा समजायला ही सुरुवात ध्यानात ठेवावी लागते. उणीव कोणत्या मापाने मोजायची हे जो ठरवतो, तोच पूरक कोणाला मिळेल हेही ठरवतो. मापाबाहेर जे राहते ते कितीही मोठे असले तरी दिसत नाही.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहता झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांची ब्लॉक पद्धत याच नीरा कालव्यावर आली, गुऱ्हाळे वाढली, १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. कालव्याखालच्या पट्ट्यात पैसा फिरू लागला. माळावरच्या जिराईत गावांचे मात्र तसे नव्हते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर (१९१७) आणि शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक (१९२१) या दोन गावांची घरोघर पाहणी करून जे ग्रंथ लिहिले, त्यांत कोरडवाहू शेतकऱ्याची ओढाताण स्वच्छ दिसते. बऱ्याच घरांची मिळकत साध्या वर्षातही खर्चाला पुरत नव्हती. त्या घरांत भाकरी होती, कालवणाची वानवा होती.

भाकरीत काय कमी आहे, हे कळायला आधी जीवनसत्त्वांचा शोध लागावा लागला. १९१२ मध्ये काझिमिर फुंक यांनी त्यांना नाव दिले, आणि तमिळनाडूतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उंदरांवर प्रयोग सुरू केले. भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांचे जेवण उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना घालायचे आणि त्यांची वाढ पाहायची. गहू, दूध, डाळ आणि भाज्या असलेले शिखांचे जेवण पहिले आले, पठाणांचे दुसरे, मराठ्यांचे तिसरे. पॉलिश केलेल्या तांदळावरचे दक्षिणेकडचे जेवण सर्वांत मागे राहिले. या निकालाने प्रांतोप्रांती खळबळ उडाली असेल तर नवल नाही. परंतु उंदराचे वजन वाढले म्हणजे रक्तात सारे आलबेल आहे, असा त्याचा अर्थ नव्हता. रक्ताकडे पाहणारी बाई तोवर मुंबईत पोचली होती.

लूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईला आल्या तेव्हा चाळिशीच्या होत्या. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकले होते, वैद्यकीची पदवी लंडनला स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेतून घेतली होती. भारतात स्त्रियांच्या आरोग्यसेवेत काम करणाऱ्या डॉ. मार्गारेट बालफोर यांनी त्यांना बोलावून घेतले. कारण गंभीर होते. मुंबईत गरोदर बायका, विशेषतः गिरण्यांच्या भागातल्या गरीब बायका, एका जीवघेण्या पंडुरोगाने दगावत होत्या. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत चेहरा पांढराफटक पडायचा, पाय सुजायचे, धाप लागायची, आणि प्रसूतीचा ताण सोसायला अंगात त्राण उरायचे नाही. रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरले तर तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या दिसत. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात. इथे उलटेच होते. तेव्हा हा लोहाचा तुटवडा नव्हे, हे कळत होते. कशाचा, हे कळत नव्हते.

हाफकिन संस्थेत बसून विल्स यांनी आधी जंतूंचा माग काढला. तो हाती लागला नाही. मग त्यांनी या बायका काय खातात, कशा राहतात याची चौकशी सुरू केली, आणि उत्तर तिथे सापडले. ज्या घरांत हा आजार जास्त होता त्यांच्या जेवणात पालेभाज्या, फळे, दूध, मांस यांचे प्रमाण नगण्य होते. पडद्यातल्या गरीब मुस्लिम बायकांमध्ये तो अधिक होता. तेच अन्न त्यांनी प्रयोगशाळेत उंदरांना घातले. उंदीर पांढरे पडले खरे, पण मागाहून कळले की त्यात उंदरांच्या उवांमधून पसरणाऱ्या एका जंतूचाही हात होता. कष्टाने रचलेला पुरावा असा डागाळला तर दुसरा कोणी गाशा गुंडाळला असता. विल्स माकडांकडे वळल्या. वेगवेगळे अन्न घालून पाहताना मार्माइट उपयोगी पडले. मार्माइट म्हणजे बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा दाट, काळा, खारट अर्क. इंग्लंडात तो पावाला लावून खातात आणि तो स्वस्त असतो. माकडे सुधारली, मग त्यांनी तोच अर्क बायकांना दिला. काही दिवसांतच रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, भूक लागू लागली, बायका उठून बसू लागल्या. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख आला.

त्यांच्या कामातला सर्वांत बारकाईचा भाग पुढे आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाही. मोठ्या पेशींच्या पंडुरोगावर यकृत हे औषध १९२६ पासून ठाऊक होते. मायनट आणि मर्फी यांच्या त्या शोधाला १९३४ मध्ये नोबेलही मिळाले. विल्स यांनी पाहिले की यकृताचा कच्चा अर्क मुंबईच्या बायकांना लागू पडतो, पण शुद्ध केलेला अर्क लागू पडत नाही. म्हणजे यकृतात गुण देणाऱ्या दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. शुद्धीकरणात एक उरत होती, दुसरी निघून जात होती. रक्ताचे चित्र दोन्ही उणिवांत एकच, औषध मात्र निराळे. मुंबईतली उणीव ज्या घटकाची होती त्याला बराच काळ 'विल्स फॅक्टर' म्हणत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला, तेच फॉलिक आम्ल. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत ते कृत्रिमरीत्या तयार झाले, आणि त्या गटाचे नेते होते आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. दुसरी गोष्ट १९४८ मध्ये लाल स्फटिकांच्या रूपात हाती आली, ती बी-१२.

या दोन जुळ्या उणिवांनी डॉक्टरांना लगेच एक धडा दिला. फॉलिक आम्ल मिळू लागताच ते सगळ्याच मोठ्या पेशींच्या रुग्णांना दिले गेले. रक्त सुधारले, सगळे खूश झाले. पण ज्यांची उणीव बी-१२ ची होती त्यांच्या हातापायांच्या मुंग्या आणि चालण्यातला तोल बिघडतच गेला. हिमोग्लोबिन चांगले आणि मज्जातंतू खराब, अशी माणसे दवाखान्यात दिसू लागली. चुकीचे पूरक दिल्याने तपासणीचा आकडा सुधारतो आणि आजार आडून वाढत राहतो, हे १९४० च्या दशकातच सिद्ध झाले होते. महाराष्ट्रात त्याची पुन्हा आठवण व्हायला अर्धे शतक जावे लागले.

मधल्या काळात मराठी मातीतल्या एका शास्त्रज्ञ बाईंनी याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. बंगळुरूच्या विज्ञानसंस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारल्यावर तो झगडून मिळवणाऱ्या, केंब्रिजहून १९३९ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतलेल्या. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम करून १९४७ नंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. डाळी, तांदळाचे पदार्थ आणि ताडामाडाची नीरा यांतले पोषक घटक त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून मोजले. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना नीरा दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत फरक पडतो, असे त्यांच्या गटाला आढळले, आणि या कामाला राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. विल्स यांना उतारा इंग्लंडच्या बाटलीत सापडला होता. सोहोनींनी तो इथल्या झाडावर शोधला. त्या दिशेने पुरेसे लोक गेले नाहीत, ही आपली मोठी हुकलेली संधी आहे.

देश गोळीच्या वाटेने गेला. १९७० मध्ये राष्ट्रीय पंडुरोग प्रतिबंध कार्यक्रम सुरू झाला: गरोदर बाईला शंभर दिवस रोज एक गोळी, तीत साठ मिलिग्रॅम लोह आणि पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ती गावागावांत पोचली. 'अंगात रक्त नाही' हे आजीच्या तोंडचे वाक्य आणि 'हिमोग्लोबिन आठ आहे' हे नर्सबाईंचे वाक्य यांची गाठ त्याच काळात पडली. तपासणी होती साहलीच्या नळीची. स्विस डॉक्टर हेर्मान साहली यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती रूढ केली होती. नळीत थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचे, बोटाला टोचून वीस मायक्रोलिटर रक्त त्यात सोडायचे, दहा मिनिटे थांबायचे, मग थेंबथेंब पाणी घालत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. खिडकीतला उजेड कमी असला किंवा तपासणारीचे डोळे दमलेले असले की एखाद्या ग्रॅमचा फरक सहज पडे. तरीही या नळीने लाखो बायकांची उणीव पहिल्यांदा आकड्यात आणली, आणि त्या आकड्याने अनेक जीव वाचले. हे नाकारणे कृतघ्नपणा होईल.

अडचण दुसरीकडे होती. हिमोग्लोबिन कमी आहे एवढेच ही नळी सांगते. का कमी आहे, ते सांगत नाही. लोह कमी पडले, फॉलिक कमी पडले, बी-१२ कमी पडले, मलेरिया झाला, पोटात जंत आहेत, पाळीत रक्त फार जाते, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल आहे, कारण काहीही असो, रंग तोच. मग गोळीही सर्वांना तीच. शिवाय गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून ती अनेक घरांत फडताळातच राहायची. घेतली तरी चहाबरोबर घेतली की चहातले टॅनिन लोह शोषू देत नाही. ज्वारी-बाजरीत लोह असते, पण फायटेटही असते आणि तेही लोहाला बांधून ठेवते. भाकरीवर लिंबू पिळायची किंवा सोबत आंबट काही खायची सवय या बाबतीत फार कामाची, कारण क जीवनसत्त्व ते लोह मोकळे करते.

गोळीला पर्याय म्हणून धान्यच बदलण्याचा प्रयत्नही इथे झाला. जास्त लोह असलेला बाजरीचा 'धनशक्ती' हा वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रात आला. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या शाळकरी मुलामुलींना सहा महिने अशा बाजरीची भाकरी देऊन रक्त तपासले तेव्हा ज्यांच्यात लोह आधी कमी होते त्यांच्यात ते लक्षणीय सुधारले. जेवणातूनच उणीव भरून काढता येते याचा हा भक्कम पुरावा आहे, आणि तो बारामतीच्या शेजारच्या जिल्ह्यातला आहे.

बी-१२ ची गोष्ट मात्र पुणे जिल्ह्याचीच. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहावर काम करत होते. भारतीय माणूस सडपातळ दिसत असूनही त्याला मधुमेह इतक्या लवकर का होतो, हा त्यांचा प्रश्न. गर्भातल्या पोषणाचा पुढच्या आजारांशी संबंध जोडणारे साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकारी कॅरोलिन फॉल यांच्या साथीने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू झाला. लग्न झालेल्या मुलींची गर्भारपणाच्या आधीपासून नोंद ठेवायची, त्या काय खातात ते लिहायचे, शेतात किती राबतात ते लिहायचे, रक्त घ्यायचे, मग बाळ जन्मले की वजन-उंची आणि कातडीखालची चरबी मोजायची. सुमारे आठशे गर्भारपणे अशी पाहिली गेली. पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन पावणेतीन किलोच्या आत होते, इंग्लंडच्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून अधिक कमी. पण ही बारीक बाळे चरबीत त्या मानाने कमी नव्हती. हाडे-स्नायू कमी, चरबी राखलेली.

आईने एकूण किती अन्न खाल्ले याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. ज्या आयांनी पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार घेतले त्यांची बाळे मोठी होती. कॉर्निश यांनी १८७७ मध्ये उपस्थित केलेल्या प्रश्नाचे, राशी की घटक, इतके नेमके उत्तर याच जिल्ह्यातल्या शेतकरी बायकांनी दिले.

साठवलेले रक्त पुढे तपासले तेव्हा आणखी धक्का बसला. सुमारे दोन तृतीयांश आयांत बी-१२ कमी होते. फॉलिक कमी असलेली बाई फक्त एक निघाली. पुण्यातल्या मध्यमवयीन पुरुषांचीही तीच स्थिती: २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४४१ पैकी ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होते, आणि शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. याला गरिबी हे कारण पुरत नाही. बी-१२ कोणतीच वनस्पती तयार करत नाही. ते सूक्ष्मजीव बनवतात आणि माणसाला ते मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळते. तुकोबांची पालखी दर आषाढात बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असा मुक्काम करत जाते. या वाटेवर माळकरी घरे पुष्कळ. माळ घातली की मांस सुटते, आणि मग बी-१२ ची सारी भिस्त दूध-दह्यावर येते. ज्या घरात दूध आधी डेअरीला जाते, मग मुलांना, मग पुरुषांच्या चहाला, त्या घरातल्या सुनेच्या वाट्याला ते किती येत असेल, याचा अंदाज कोणालाही करता येईल. श्रद्धेला दोष देण्याचे कारण नाही. घरातले दूध कोणाला आणि किती, एवढे ठरवले तरी श्रद्धा न मोडता खूप काही साधते.

२००८ मध्ये याज्ञिक यांच्या गटाने त्या सहा गावांतल्या मुलांचा सहाव्या वर्षीचा अहवाल दिला. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फॉलिक जास्त होते, त्यांच्या मुलांत इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक होती. जगभर हा लेख वाचला गेला. फॉलिकची गोळी वाईट, असा त्याचा अर्थ नाही. गर्भधारणेच्या सुमारास फॉलिक घेतल्याने बाळाच्या मज्जारज्जूचे गंभीर दोष टळतात हे १९९१ च्या मोठ्या चाचणीने सिद्ध केले आहे आणि ती गोळी घेतलीच पाहिजे. पण जुळ्यांपैकी एकालाच वर्षानुवर्षे भरवले आणि दुसऱ्याकडे कोणी पाहिलेच नाही, हे खरे. सरकारी गोळीत बी-१२ नव्हते, आणि साहलीची नळी ते दाखवूच शकत नव्हती.

मापाविषयीचा वाद आजही संपलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया पंडुरोगी ठरल्या, आणि गोळ्यांचे इतके वाटप होऊनही आधीच्या पाहणीपेक्षा आकडा वाढला. ही पाहणी बोटातून थेंब घेऊन होते. २०१६-१८ च्या राष्ट्रीय बाल पोषण पाहणीत मात्र शिरेतून रक्त घेतले होते, आणि तिथे मुलांमधल्या पंडुरोगाचे प्रमाण बरेच कमी आले. बोट दाबून रक्त काढले की त्यात ऊतींमधला द्रव मिसळतो आणि आकडा खाली येऊ शकतो. त्याच पाहणीत किशोरवयीनांपैकी ३१ टक्क्यांत बी-१२ आणि ३२ टक्क्यांत जस्त कमी आढळले. रक्त बोटातून घेतले की दंडातून, या एका गोष्टीवर एवढ्या मोठ्या राज्याच्या आरोग्याचे चित्र बदलावे, ही पोषणशास्त्रज्ञांना आज छळणारी बाब आहे.

जळोची आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. बाजार समितीच्या इथल्या उपबाजारात भाजीपाला आणि फळे उतरतात, आणि २०१९ पासून बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. रक्ताचा नमुना घरी येऊन नेण्याची सोय तालुक्याच्या गावांतही पोचली आहे. 'फुल बॉडी चेकअप'च्या यादीत साठ-सत्तर आकडे येतात आणि ड जीवनसत्त्व, बी-१२ यांच्यापुढे लाल अक्षर हमखास उमटते. कसोटी आधी सरकारच्या हातात होती, मग दवाखान्याच्या आली, आता ती विकत मिळते.

विकत मिळाल्याने ती अधिक खरी होतेच असे नाही. ड जीवनसत्त्वाचेच पाहा. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका तज्ज्ञमंडळाने रक्तात २० नॅनोग्रॅम पुरेसे धरले. त्याच वर्षी तिथल्या अंतःस्राव तज्ज्ञांच्या संघटनेने ३० सांगितले. पंचवीस आकडा आलेला माणूस एका मापाने धडधाकट, दुसऱ्याने कमतर. त्याच संघटनेने २०२४ मध्ये तीसचा आग्रह सोडला आणि निरोगी माणसांची ही चाचणी सरसकट करू नये असेही म्हटले. इकडे साठ हजार युनिटची आठवड्याची पुडी डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे संपले तरी घेत राहणारी माणसे आहेत. हे जीवनसत्त्व चरबीत साठते आणि अति झाले की रक्तातले कॅल्शियम वाढवून मूत्रपिंडाला इजा करते.

बी-१२ च्या बाबतीत मात्र कोणी तपासावे हे बरेच स्पष्ट आहे: पक्के शाकाहारी, गरोदर किंवा होऊ घातलेल्या बायका, साठीपुढचे, मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे, आणि ज्यांच्या तळपायांना मुंग्या येतात ते. आकडा दोनशे पिकोग्रॅमच्या आसपास लोंबकळत असेल तर होमोसिस्टीनची जोडचाचणी खरे-खोटे करते. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणून बी-१२ ठीक असेल, असे धरून चालू नये, हे तर सुब्बारावांच्या काळापासून ठाऊक आहे. आणि लोहाच्या गोळीआधी फेरिटिन पाहिले तर अंगातला लोहाचा साठा कळतो, मात्र ताप किंवा दाह असताना फेरिटिन फसवे वर चढते.

त्या सहा गावांतल्या बाळांचे पुढे काय झाले? ती वाढली, आणि २०१२ मध्ये, सोळा-सतरा वर्षांची असताना, त्यांच्यावरच एक चाचणी सुरू झाली. मोठे इंजेक्शन देण्याऐवजी त्यांतल्या काहींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ दिले गेले, म्हणजे चांगल्या जेवणातून मिळायला हवे साधारण तेवढेच. आईच्या पोटात बाळ येण्याच्या आधीच तिची उणीव भरली तर काय होते, हे पाहायचे होते. मुलींची लग्ने झाली, त्यांना दिवस गेले. बी-१२ घेतलेल्यांच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात ते अधिक निघाले. ही बाळे दोन-तीन वर्षांची झाल्यावर, ज्यांच्या आयांना केवळ बी-१२ मिळाले होते ती भाषा आणि आकलनाच्या चाचण्यांत पुढे दिसली. तपासलेल्या मुलांची संख्या लहान आहे, म्हणून मोठ्या गटांवर हे पुन्हा पाहावे लागेल. सरकारच्या लाल गोळीत बी-१२ घालावे का, या प्रश्नावर मात्र याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मत ठाम आहे: घालावे.